वन्संचा निनावी अभिप्राय

आमच्या वन्सं आयुष्यात कुणाशी कचाकचा भांडल्या नाहीत, कुणाचं वाईट व्हावं म्हणून बसल्या नाहीत, आणि तरीही त्यांच्याइतकं मत्सरी माणूस माझ्या पाहण्यात नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. त्या रागावल्या नव्हत्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "सरसकट मत्सरी नको म्हणूस. मला सगळ्यांचा हेवा वाटत नाही. एकीचाच वाटतो."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात आणि जेवायला खाली येतात. खाली रस्त्याच्या बाजूच्या खोलीत माझं काम चालतं. मी दातांच्या कॅपा बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी मेण कोरते, भट्टी लावते, पोर्सेलीनचे थर चढवते. म्हणजे माझं काम माणसाला दिसतं, चावता येतं. वन्संचं तसं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं होतं, "वन्सं, तुम्ही त्या संशोधन संस्थेत जाऊन नक्की करता काय?"

मी मटार सोलत होते. त्यांनी ताटलीत मटाराचे दाणे एकाला एक चिकटवून रांगेत मांडले आणि वर तांदळाचा एक दाणा धरला.

"हे मटार म्हणजे धातूचे अणू. हा तांदूळ म्हणजे हवेतून आलेला एक रेणू. हा कुठे बसेल? मटाराच्या डोक्यावर, की तीन मटारांमधल्या खळग्यात?"

"खळग्यात. घरंगळूनच जाईल ना."

"रेणू घरंगळत नाहीत. कुठे बसायचं ते इलेक्ट्रॉन ठरवतात. ते काय ठरवतील याचं गणित मी मांडते. संगणक सोडवतो."

"मग दुर्बिणीतून वगैरे बघता का, खरंच तिथे बसला की नाही ते?"

"मी काहीच बघत नाही," वन्सं म्हणाल्या. "बघणारे वेगळे. मी बघायच्या आधी सांगते."

माझा नवरा म्हणतो, ताईने जन्मात धातूला हात लावला तो फक्त कढईच्या कानाला. त्यात फारसं खोटं नाही.

ज्यांचा हेवा, त्या बाई वन्संबरोबर एकाच दिवशी संस्थेत रुजू झाल्या होत्या. दोघींचे गुरू एकच. त्यांना दोघी ‘सर’ म्हणत, म्हणून आम्हीही सरच म्हणायचो. दोघींना एकच खोली मिळाली होती: दोन टेबलं, एक खिडकी, एक चहाची किटली. त्या बाईंना वन्सं पुढे ‘राणीसाहेब’ म्हणू लागल्या आणि आमच्या घरात तेच नाव पडलं. राणीसाहेब वन्संना ‘मुंगी’ म्हणायच्या, कारण वन्सं एकेक अणू उचलून नेतात तसं काम करतात. राणीसाहेबांची तऱ्हा उलटी. त्या आधी उत्तर सांगणार आणि मग गणित करणार. आणि वैताग असा, की उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

एकदा सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडे नजर आहे आणि हिच्याकडे चिकाटी आहे." त्यांना दोघींचं कौतुकच करायचं होतं. पण वन्संच्या मनात ते वाक्य जे रुतलं ते कायमचं. भांडी आवरताना मध्येच म्हणायच्या, "चिकाटी म्हणे! चिकाटी गोंदाला असते."

पुढे शहराच्या पलीकडच्या टोकाला नवी, मोठी संस्था निघाली. काचेची इमारत, पाण्याचं कारंजं, स्वतःची संगणकशाळा. तिथे राणीसाहेबांना प्रमुख म्हणून बोलावलं. वन्संना कुणी बोलावलं नाही. त्या जुन्याच खोलीत राहिल्या. किटली त्यांच्या वाट्याला आली.

तेव्हापासून वन्संची एक दिनचर्या झाली. राणीसाहेबांचा नवा शोधनिबंध छापून आला की सकाळच्या चहाबरोबर लाल पेन्सिल घेऊन वाचायचा. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला की भिंग लावून मागचा फळा बघायचा. "चिन्ह चुकलंय," असं म्हणून त्या दिवशी दोन घास जास्त जेवायच्या. चूक नाही सापडली तर अन्न बेचव लागायचं. मात्र दुसऱ्या कुणी राणीसाहेबांबद्दल वाकडं बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा माझा नवरा बहिणीला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "ताई, पुढेपुढे करूनच मिळाली असेल गं ती खुर्ची." वन्सं त्याच्यावर अशा फाटकन उलटल्या की तो ताट घेऊन उठला.

"तुला काय कळतं? ती हुशार आहे. नसती तर मी सुखाने झोपले नसते का?"

आणि राणीसाहेब? त्या बिनधास्त घरी यायच्या. काही चांगलं घडलं की ती बातमी सांगायला पहिल्यांदा आमच्याकडे. दारातूनच हाक, "मुंगे, ऐक!" आणि वन्सं जिन्यावरून उतरताना कठड्याला घट्ट धरून उतरायच्या.

एके दिवशी दुपारी वन्सं अनवाणीच माझ्या कामाच्या खोलीत आल्या. मी कोरलेलं मेण फुंकत होते.

"मला तपासायला आलाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तिचा निबंध."

त्यांच्या क्षेत्रात निबंध छापण्याआधी नियतकालिकवाले तो दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. जाणकाराने चुका काढायच्या, शंका विचारायच्या, छापावा की नाही ते सांगायचं. लिहिणाऱ्याला तपासणाऱ्याचं नाव कळत नाही. तपासणाऱ्याला मात्र लिहिणाऱ्याचं कळतं.

"तुमची मैत्रीण आहे. नाही म्हणून कळवा की."

"आम्ही एकत्र काम केल्याला खूप वर्षं झाली. नियमात बसतं."

नियमात बसत होतं खरं. मनात कुठे बसत होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो चेहरा मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. वाढदिवस असल्यासारखा.

निबंध एका मिश्रधातूवर होता. राणीसाहेबांचं म्हणणं असं, की एक विषारी वायू, ज्याला ना रंग ना वास, त्याचा रेणू नुसत्या धातूवर अणूच्या डोक्यावर उभा राहतो. पण या मिश्रधातूवर तो खळग्यात उतरून बसतो. का? तर मिश्रणामुळे वरच्या थरातले अणू एकमेकांपासून जरा लांब सरकतात, खळगे मोठे होतात. सुटसुटीत, पटणारं.

वन्संनी साठलेली रजा काढली. वरच्या खोलीतून संस्थेच्या संगणकाला जोडून घेतलं आणि राणीसाहेबांचा प्रत्येक आकडा स्वतः काढायला बसल्या. असं कुणी तपासणारा करत नाही, हे मला नंतर कळलं. वाचतात, शंका लिहितात, मोकळे होतात. पण वन्संना शंका नको होती, चूक हवी होती.

"तिने धातूचे पाचच थर घेतलेत," पहिल्या दिवशी जेवताना त्या म्हणाल्या. "पाच! पहिल्यापासून आळशी. जास्त थर घेतले की सगळं कोसळणार."

जास्त थर घेऊन गणित लावलं. चार दिवसांनी वन्सं पडेल चेहऱ्याने खाली आल्या. मी घाबरून हातातलं काम ठेवलं. "काय झालं? कुणी गेलं का?"

"बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

मग वाटलं, अणूंना हलायला मोकळीक दिली नसेल. दिली होती. मग वाटलं, गणिताची जाळी विरळ असेल, आकडे ढोबळ आले असतील. बारीक जाळीनेही उत्तर तेच. रोज एक नवी आशा घेऊन वर जायच्या आणि रोज उतरलेलं तोंड घेऊन खाली यायच्या. रेणू खळग्यात बसत होता. राणीसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे, मुकाट.

असं होता होता त्यांनी एक चलाखी केली. संगणकात कुणी अडवत नाही; खऱ्या धातूत जे करताच येणार नाही ते तिथे करता येतं. त्यांनी वरच्या थरातले अणू होते तसेच लांब ठेवले, पण खालच्या, दुसऱ्या थरातले परके, म्हणजे मिसळलेल्या धातूचे, अणू काढून तिथे साधे अणू घातले. रेणू टुणकन डोक्यावर गेला. मग उलट केलं: वरचे अणू जवळ आणले आणि दुसऱ्या थरात परके अणू परत ठेवले. रेणू खळग्यात आला.

त्या दिवशी वन्सं जिना उतरल्या नाहीत, धावल्या.

"कारण चुकलंय! रेणू कुठे बसतो ते तिचं बरोबर, पण का बसतो ते साफ चूक. अणू लांब सरकण्याचा, त्या ताणाचा संबंधच नाही. खालचा थर करतोय हे सगळं. वरून दिसत नाही तो!"

मला हे लगेच कळलं. कॅपमध्ये आत काळपट धातू असला तर वरचं पोर्सेलीन कितीही पांढरं लावा, दात करडाच दिसतो. तसं सांगितल्यावर वन्संनी मला मिठी मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"मग हे तुमच्या नावाने छापा," मी म्हटलं.

मिठी सुटली. "तिचा निबंध माझ्याकडे विश्वासाने आलाय. त्यावरून सुचलेलं मी माझ्या नावाने छापलं तर ती चोरी."

"मग नका सांगू कुणाला."

"मग ती चुकीचं कारण छापेल आणि लोक तेच शिकवतील." वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. "हे तिला फुकट द्यायचं. माझं नावसुद्धा न लागता. तिला! जगात दुसरं कुणी नव्हतं?"

दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग अभिप्राय लिहायला बसल्या. लिहिला तो असा, की मधोमध ते दुसऱ्या थराचं सोनं आणि भोवती पानं भरून काटे. एक वाक्य मला वाचून दाखवलं: ‘लेखिकेचं लक्ष वरच्या थरावरच राहिलं हे समजण्यासारखं आहे. वरवरचं पाहण्याची सवय अनेकांना असते.’

"हे काढा वन्सं."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "एवढं तरी माझं असू दे त्यात."

काही महिन्यांनी दारात हाक आली, "मुंगे, ऐक!" राणीसाहेबांचा निबंध स्वीकारला गेला होता. वन्संनी चहा टाकला. साखर किती, हेही विचारलं, जणू माहीतच नव्हतं. मी दोघींसमोर बसले होते, कारण मला उठवेना.

"तपासणारा भयंकर खडूस होता गं," राणीसाहेब सांगत होत्या. "सोलून काढलं मला. पण काय माणूस असेल! माझं कारणच चूक होतं. त्याने दुसरा थर पकडला. मी दहा जन्मांत पकडला नसता. पूर्ण निबंध नव्याने लिहिला मी."

"अस्सं," वन्सं म्हणाल्या. कप बशीवर वाजला. "कोण असेल?"

"त्यात काय ओळखायचं? सर! दुसऱ्या कुणाकडे आहे अशी नजर?"

मी वन्संकडे बघायचं टाळलं. एवढी वर्षं ज्या शब्दासाठी जीव तुटत होता तो शब्द अखेर त्यांच्या कामाला लागला, आणि सरांच्या खात्यात जमा झाला.

"मी फोनच केला सरांना," राणीसाहेब पुढे म्हणाल्या. "विचारलं, तुम्हीच ना? हसले. म्हणाले, असं विचारायचं नसतं."

सरांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. वन्संना राहवेना. त्याच आठवड्यात त्या सरांकडे जाऊन आल्या. सर औषधांच्या डब्या मांडून बसले होते. पायावर शाल. त्यांनी वन्संना बसवून घेतलं आणि आपणहून सांगितलं, "ते दुसऱ्या थराचं मी तिला फार पूर्वीच सुचवलं होतं. पण तुम्ही मुली ऐकता कुठे!" खोटं बोलत नव्हते. त्यांना ते आठवत होतं.

त्या दिवशी वन्सं जेवल्या नाहीत. मी वर ताट घेऊन गेले तर टेबलापाशी नुसत्या बसलेल्या.

"इतकी वर्षं मला तिचा हेवा वाटायचा," त्या म्हणाल्या. "आता सरांचा वाटतो. आणि हसू नकोस, पण त्या तपासणाऱ्याचाही वाटतो. तिने त्याचं जेवढं कौतुक केलं तेवढं माझं कधी केलं?"

"अहो, तपासणाऱ्या तुम्हीच!"

"म्हणूनच तर जास्त."

मी ताट झाकून खाली आले.

राणीसाहेबांचा निबंध गाजला. त्यावरून एक मोठं काम निघालं: घरात तो विषारी वायू साचला तर शिट्टी वाजवणारं एक छोटं यंत्र. त्यात हाच मिश्रधातू बसवायचा. रेणू खळग्यात बसले की धातूतून जाणाऱ्या विजेत फरक पडतो, त्यावरून वायू किती ते यंत्राला कळणार. एक कंपनी पुढे आली. फोटो आले. वन्संनी भिंग काढलं.

पण आता त्या नुसत्या चुका काढून थांबल्या नाहीत. निबंध छापून आला होता, दुसरा थर आता सगळ्यांचा झाला होता. त्यावर पुढचं काम करायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. "तिच्या आधी पुढचं पाऊल मी टाकणार," असं ठरवून त्या पुन्हा बसल्या. आधीच्या गणितात पृष्ठभागावर रेणू विरळ होते. आता त्यांनी गर्दी केली. आणखी रेणू आणले. आणखी.

एक दिवस जिन्यावरून गुणगुणणं ऐकू आलं. वन्सं कधी गुणगुणत नाहीत. दुसऱ्या दिवशीही गुणगुणणं. मी विचारलं तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

"गर्दी झाली की रेणू एकमेकांना ढकलतात. खळगे सोडून डोक्यावर चढतात. तिथे दुसऱ्या थराची पकड पोचत नाही. तो नियम फक्त विरळ असतानाच खरा."

"म्हणजे यंत्राचं काय?"

"वायू थोडा असेल तेव्हा बरोबर सांगेल. फार झाला की कमी सांगेल." वन्संच्या डोळ्यांत चमक होती. "आपटणार आहे ती. सगळ्यांसमोर. मला काही करायचंसुद्धा नाही. गप्प बसायचं."

मला त्यांचं ते रूप आवडलं नाही आणि मी तसं म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण गुणगुणणं आठवडाभर चाललं.

ते थांबलं एका फोनने. राणीसाहेबांचा फोन होता, नेहमीप्रमाणे चांगली बातमी. यंत्राच्या कामाचा मोठा कार्यक्रम होता, सरांना सन्मानाने बोलावलं होतं, आणि त्या दुसऱ्या थराच्या नियमाला सरांचं नाव द्यायचं ठरत होतं.

वन्संनी फोन ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"सरांचं नाव! त्या नियमाला! तो नियम अर्धा चुकीचा आहे. तेव्हाही चुकीचाच होता. मी गर्दीचा विचारच केला नव्हता, तिला पाडायच्या घाईत होते. चूक माझी आहे! आणि ती चूकसुद्धा सरांच्या नावावर जाणार?"

मला हसू आलं, पण आवरलं. वन्सं मात्र हळूहळू खाली बसल्या. बराच वेळ माझ्या भट्टीकडे बघत राहिल्या.

"आणि एखाद्या घरात माणसं झोपलेली असतील," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "वायू भरत जाईल आणि यंत्र म्हणेल, थोडासाच आहे. मी आठवडाभर गाणी म्हणत होते गं."

नंतर जे झालं ते माझ्या खोलीत, माझ्या खिडकीपाशी झालं. राणीसाहेबांना विचार करताना पेनाचं टोपण चावायची सवय. त्यात पुढच्या दाताचा टवका उडाला. डॉक्टरांनी कॅप सांगितली आणि रंग जुळवायला त्यांना माझ्याकडे पाठवलं. दाताचा रंग दिवसाच्या उजेडात बघावा लागतो, म्हणून मी त्यांना सकाळी बोलावलं होतं. खिडकीशी बसवलं, ओठ वर धरायला पट्टी लावली आणि रंगांचे नमुने एकेक करून दाताशी धरू लागले.

"बोलू नका हं. ओठ हलला की सावली पडते."

वन्सं आत आल्या. बहुतेक जिन्यातच उभ्या असाव्यात.

"तशीच बस," त्या राणीसाहेबांना म्हणाल्या. "तोंड उघडं आहे तोवर मला बोलू दे. एकदा तू बोलायला लागलीस की मला जमणार नाही. तुझा तो खडूस तपासणारा सर नव्हेत. मी. दुसऱ्या थराचं मी लिहिलं. आणि ते अर्धवट आहे. पृष्ठभाग भरत आला की रेणू खळगे सोडतात. तुझं यंत्र गर्दीत खोटं बोलणार. माझ्यामुळे."

राणीसाहेबांनी माझा हात बाजूला केला. पट्टी खाली पडली.

"तू?"

"हो."

"‘वरवरचं पाहण्याची सवय अनेकांना असते.’ हे तू लिहिलंस?"

वन्संनी मान हलवली.

"मला ते पाठ आहे. कितीतरी दिवस मला झोप नव्हती. वाटायचं, सर जर असं लिहितात तर मी खरंच वरवरची असेन. नव्या कामाला हात लावायची भीती वाटायला लागली होती मला. आणि ते तू लिहिलंस. वर मला चहा पाजलास! साखर किती म्हणून विचारलंस!"

"मला तुझा हेवा वाटतो," वन्सं म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"ते मला माहीत आहे गं! सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या पोस्टमनलासुद्धा माहीत असेल." राणीसाहेबांचा आवाज चढला, मग फुटला. "पण तू मला पाडायला बघशील असं कधी वाटलं नव्हतं."

"पाडायलाच बघत होते. तू पडली नाहीस."

माझ्या हातात रंगांचे नमुने तसेच. राणीसाहेबांनी रुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं. मग नाक पुसता पुसताच त्यांची मान वर झाली.

"किती गर्दीत?"

"अं?"

"किती भरल्यावर खळगे सोडतात? निम्मा?"

"निम्म्याच्या जरा आधी. पण मी तुकडा लहान घेतला होता. मोठा घ्यायला हवा."

"अर्थात मोठा घ्यायला हवा! दाखव."

दोघी वर गेल्या. "अहो, रंग राहिलाय!" मी ओरडले, पण माझं कोण ऐकतंय. वरून राणीसाहेबांचा चिडका आवाज आणि वन्संचा हळू आवाज संध्याकाळपर्यंत येत होता. त्यात समेट नव्हता. मधूनच राणीसाहेब म्हणायच्या, "ते राहू दे, तुझ्यावर मी अजून चिडलेय, पुढचं चित्र लाव."

कार्यक्रम पुढे ढकलला. काचेच्या इमारतीत बैठक झाली, तिथे कंपनीची माणसं होती, सर होते. राणीसाहेबांनी उठून सांगितलं की यंत्र आहे तसं करता येणार नाही. मग वन्सं उठल्या. भरल्या सभेत त्या कधी बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, नियम मी सांगितला होता, अर्धा सांगितला होता, उरलेला आता सांगते. सर सगळं ऐकून म्हणाले, "मला शंका होतीच." त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मिश्रणाचं प्रमाण बदलून रेणू गर्दीतही खळग्यात कसे राहतील ते शोधण्यात दोघींचं दीड वर्ष गेलं. यंत्र उशिरा निघालं, पण निघालं. आमच्या स्वयंपाकघराबाहेर एक लावलेलं आहे.

त्या दीड वर्षात राणीसाहेब कामापुरत्या यायच्या, कामापुरतं बोलायच्या. दारातली हाक बंद झाली. वन्संना त्याचं जे दुखायचं ते त्यांनी एकदाच सांगितलं.

"तिला परवा मोठा मान मिळाला. मला पेपरात वाचून कळलं. हल्ली चांगली बातमी कुणाकडे सांगायला जाते गं ती?" मग जरा थांबून, "कोण आहे ती नशीबवान?"

दोघींच्या नावाने निबंध लिहिला गेला. राणीसाहेबांनी वन्संचं नाव पहिलं घातलं. मला वाटलं, आता तरी वन्सं निवतील. छे! "दया दाखवतेय," म्हणून दोन दिवस धुसफुसल्या. मग नाव दुसरं घालायला सांगितलं. राणीसाहेबांनी ऐकलं नाही, तर त्याचाही राग. निबंध वाचून दाखवायला परिषदेचं बोलावणं आलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "मला प्रवास झेपत नाही, तूच जा." राणीसाहेब गेल्या. मग वन्संनी मला आठवडाभर ऐकवलं, की दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही तिने.

त्या भाषणाची चित्रफीत आली तेव्हा आम्ही दोघी वरच्या खोलीत बसून पाहिली. राणीसाहेब रंगात आल्या होत्या. हात फिरवत, हशा पिकवत सांगत होत्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "यापुढची गोष्ट माझ्या सहकारी बाईंनी पाहिली. मला दिसली नव्हती. त्यांची नजर माझ्यापेक्षा खोल जाते." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वन्संकडे पाहिलं. त्या नाकावर चष्मा ओढून पडद्याजवळ सरकल्या होत्या.

"कशी बोलते बघ," त्या म्हणाल्या. "मला नसतं जमलं." आणि मग, "तिसऱ्या चित्रात रंगांची उलटापालट झालीय. कुणाच्या लक्षात आलं नाही एकाच्याही."

"कळवायचं का त्यांना?"

"कळवते ना. आधी नीट बघू दे." त्यांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.